पावणेपाचच्या मुठी

पावणेपाच वाजले की साखरकोंडातली तान्ही मुलं गप्प होत.

मग ती रडत असोत, भुकेने कासावीस झालेली असोत, नाहीतर पाळण्यात हातपाय झाडत खेळत असोत. चार चव्वेचाळीसला एखाद्याने घर डोक्यावर घेतलेलं असायचं आणि पुढच्याच मिनिटाला कुणी नळ बंद करावा तसा त्याचा आवाज थांबायचा. मग मुठी उघडायच्या. आईचं बोट, खुळखुळा, दुपट्याचं टोक, जे काही हातात असेल ते गळून पडायचं. पाच-सात मिनिटं बाळ तळवे आभाळाकडे करून पडून राहायचं, डोळे टक्क उघडे. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

बरेच दिवस यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरात बाळ एकच असतं, आणि आपलं बाळ चारचौघांपेक्षा शहाणं आहे असं वाटायला आईला फारसं कारण लागत नाही. आरोही भुवड तर शेजारणींना कौतुकाने सांगायची, "मी बरोब्बर त्याच वेळी चहा टाकते. घड्याळ कशाला हवं? आमचा ओजस आहे की! द्वारकामावशींच्या हाताचा गुण हो हा सगळा."

द्वारका ऐकायची, हसल्यासारखं करायची आणि हात पदराखाली घ्यायची.

अठ्ठावीस वर्षं ती साखरकोंडातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालत होती. एवढ्यात गाव बदललं. शाळेची गाडी चालकाशिवाय फिरू लागली, औषधं उडत्या पेटीतून अंगणात उतरू लागली. पण पाटावर पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घालून पाठीच्या मणक्याला तेल जिरवायचं, हे काम कुठल्या यंत्राच्या हवाली करायला अजून कुठलीही आजी तयार नव्हती. द्वारका पहाटे देवापुढे दिवा लावून, तुळशीला पाणी घालून बाहेर पडे. नाव घेतल्याशिवाय बाळाला हात लावत नसे. हाताला उरलेलं तेल पदराला पुसायचं नाही, ते बाळाच्या टाळूवर आणि दोन्ही मुठींत जिरवायचं, ही सासूची शिकवण तिने कधी मोडली नव्हती.

आणखी एक व्रत होतं. दुपारी साडेचार ते दिवेलागण तिचं मौन असे. पाच वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. आळीतल्या बायकांना त्याचं फार अप्रूप होतं.

हातांचं दुखणं मात्र मौनाहून जुनं होतं. बोटांच्या कडेला आणि तळव्यांत, कातडीच्या आत, साबुदाण्यासारखे बारीक दाणे उठायचे. वर फुगून येत नसत, खोल बसून राहत. खाज अशी सुटे की दाराच्या कडीवर तळवा घासावासा वाटे. मग दाणे एकमेकांत मिसळून फोड व्हायचे, आठ-दहा दिवसांनी सुकायचे, कातडी सोलून निघायची आणि खाली लाल भेगा. पावलांचे तळवेही तसेच. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं दूषित पाणी. "मावशी, उपास तुम्ही करता आणि साबुदाणा हाताला लागतो," अशी थट्टाही झाली. ग्रामदेवतेला कौल लावला. कौल उजवा मिळाला, हात तसेच राहिले. हळूहळू घरं कमी झाली. भेगाळलेल्या हातात आपलं बाळ कोण देणार?

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर रुखसाना परकार आल्या तेव्हा द्वारका शेवटचा उपाय म्हणून त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"याला पॉम्फोलिक्स म्हणतात," डॉक्टरबाई तळवा उजेडात धरून म्हणाल्या. "एक जातीचा इसबच. पण पहिली गोष्ट ऐका मावशी, हा लागट नाही. तुमच्या हातून कुणाला जायचा नाही."

"हे जरा आळीत येऊन सांगाल का?" द्वारका हळूच म्हणाली.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. फोड फोडायचे नाहीत. कढत पाण्यात हात घालायचा नाही, कोमटच घ्यायचं. साबण सौम्य. हात धुतले की ओलसर असतानाच मलम चोळायचं. भांडी घासताना रबरी मोजे, पण त्यांच्या आत सुती मोजे, नाहीतर घामच घात करतो. काही जणांना निकेल सोसत नाही, म्हणून बांगड्यांतली पिन काढली, किल्ल्यांचा जुडगा बदलला. फरक पडला, पण पुरता नाही.

"उरतं ते मन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काळजी माणसाच्या तळव्यात उतरते. घाम सुटतो, कातडी बिथरते. कसली काळजी आहे?"

"मला कसली?" द्वारका म्हणाली.

मग आली साय.

तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण दुधावर धरते तशी ती तळव्यावर धरायची, म्हणून सगळे सायच म्हणत. आपल्या कातडीवर कोट्यवधी जंतू एरवीही सुखाने नांदत असतात. त्यांतल्याच एका गरीब जातीला प्रयोगशाळेत दोन विद्या शिकवल्या होत्या. पहिली, घामातली भीतीची रसायनं ओळखायची. दुसरी, ती ओळखली की तिथल्या तिथे औषध पाझरायचं आणि तळव्याच्या नसा सैलावून हात मोकळा, कोरडा ठेवायचा. दाणा उठायच्या आत.

"आणि ही शिकते," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "रोज अमुक वेळी घाम येतो हे तिला उमगलं की त्या वेळेआधीच ती तयारीला लागते. विरजण जसं दुधाला आपला स्वभाव देतं, तशी ही शिकलेलं आपल्या पुढच्या पिढ्यांना देते. तिचा एक दिवस म्हणजे आपली शंभर वर्षं."

"आणि बाळांना लागली तर?"

"दोन दिवसांत मरेल. तिचं खाणं या डबीत आहे. रात्री झोपताना फक्त आपल्या हातांना लावायचं. डबी नाही तर साय नाही."

आठवड्यात दाणे गेले. महिन्यात भेगा भरल्या. द्वारकाचे तळवे नव्या नवरीचे असावेत तसे झाले. पुन्हा बोलावणी येऊ लागली. ती देवापुढे बसून रडली, आणि त्याच मऊ मनाने तिने ती चूक केली. डबीतल्या मलमाने आपले हात असे झाले, तर बाळांच्या कोवळ्या अंगाला त्याने किती बरं वाटेल! तिने तेलाच्या वाटीत रोज बोटभर मलम घालायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नाही.

फक्त एक गोष्ट तिला खटके. पावणेपाचला तिचे हात मांडीवर आपोआप उघडत. कुणीतरी आतून अलगद एकेक बोट सरळ करावं तसे.

* * *

ओजस साडेनऊ महिन्यांचा होता आणि धरून उभा राहायला शिकला होता. त्या दिवशी पावणेपाचला तो गॅलरीच्या गजाला धरून उभा होता. आरोही चहा टाकत होती. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याची बोटं गजावरून सुटत होती. घाई नाही, धडपड नाही. रडला नाही, आधार शोधला नाही. सरळ मागे गेला. कपाळाला चार टाके पडले.

"पाय घसरला असेल," कुणीतरी म्हणालं.

"पाय नाही हो," आरोही म्हणाली. "त्याने सोडलं. मी पाहिलं ना! त्याने हात सोडले."

डॉक्टर परकारांनी गावातल्या सगळ्या तान्ह्यांच्या आयांना बोलावलं. सदतीस बाळं होती. केंद्राच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या आणि खोलीत बाजार भरल्यासारखा गलका होता. द्वारका दाराशी बसली होती. पावणेपाच झाले.

सदतीस गळे एकदम थांबले.

इतक्या शांततेची कुणाला सवय नव्हती. बाहेर कुठेतरी पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज आत ऐकू आला. सतरंजीवर एक खुळखुळा पडला, मग दुसरा. चौऱ्याहत्तर तळवे फुलं उमलावीत तसे उघडले आणि वर झाले. एका बाईने आपलं बोट बाळाच्या हातात दिलं, दाबलं, पुन्हा दिलं. बोटं मिटेनात. "धर ना रे," ती म्हणाली. "धर ना..." आणि रडू लागली.

डॉक्टरबाई बाळांकडे बघत नव्हत्या. त्या द्वारकाच्या मांडीकडे बघत होत्या. तिथे दोन तळवे उघडे पडले होते.

त्याच संध्याकाळी, दिवा लागून मौन सुटताच, द्वारकाने तेलातल्या मलमाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली. काही लपवलं नाही. एक सासू अंगावर धावून आली. दुसरी म्हणाली, "देवभोळी म्हणून विश्वास टाकला हो आम्ही!" द्वारका हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला एकटीला बोलावलं.

"डबी बंद केली तर तुमच्या हातावरची साय जाईल," त्या म्हणाल्या. "बाळांची जाणार नाही. मला सुचायला हवं होतं. तान्ही मुलं मुठी चोखतात. मलमातलं खाणं आणि आईच्या दुधातलं एक द्रव्य सख्ख्या भावंडांसारखी आहेत. एकदा रुजल्यावर तिला तिथे दूध मिळतंय. मुलं मुठी चोखायची थांबतील तेव्हा ती जाईल. दोन-अडीच वर्षं."

"तोवर ती उभी राहतील, जिने चढतील," द्वारका म्हणाली.

"जहाल औषधाने मारायची तर तान्ह्यांची कातडी जळेल. एकच वाट आहे. ताज्या, धष्टपुष्ट सायीपुढे जुनी साय मागे सरते. तुमच्या हातावरची साय वेगळं काही शिकली आणि तुम्ही पुन्हा त्याच हातांनी मुलांना चोळलंत, तर तीही ते शिकतील." त्यांनी पाटी पुढे केली. पाटीच्या पडद्यावर द्वारकाच्या तळव्यातल्या घामाचा आठ महिन्यांचा आलेख होता. सपाट रेघ, आणि रोज एकाच जागी उंचवटा, मुंगीच्या वारुळासारखा. "तिला फसवता येत नाही. झोपेच्या गोळ्या देऊन फसवून पाहिलं आहे लोकांनी, वारूळ जात नाही. ती एकच हिशेब जाणते, काय केलं की घाम कमी होतो. मावशी, पावणेपाचला काय असतं?"

"माझं मौन असतं."

"मौनाचा घाम येतो?"

द्वारकाने हात पदराखाली घेतले.

"मला सांगू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमच्या हातांना माहीत आहे. आता सदतीस मुलांच्या हातांनाही माहीत आहे."

* * *

पावणेपाचला चार्वी साळवी यायची.

शाळेची गाडी खाली नाक्यावर थांबे, गाडीला पायऱ्यांची पाखाडी चढता येत नसे. तिथून वर जांभ्या दगडाच्या एकशे बारा पायऱ्या. नऊ वर्षांची चार्वी डाव्या पायाला पट्टीचा बूट घालून त्या एकटी चढे. टक्, मग घस्स. टक्, घस्स. मधल्या टप्प्यावर द्वारकाचं घर होतं. तिथे ती दम खायला थांबे आणि फाटकातून हाक मारी, "द्वारकाआजी, येते हं!"

द्वारका मौनात असे. मान हलवी.

त्यासाठीच ते मौन होतं. देवाला काय सांगितलं होतं ते देवालाच ठाऊक, पण तिला स्वतःला ठाऊक होतं की त्या पोरीला उत्तर द्यावं लागू नये म्हणून तिने ते घेतलं होतं. पोर शाळेला जाऊ लागली तेव्हापासून, पाच वर्षं, देवाच्या नावावर.

त्या दिवशी तिने साडेचारला पायांत वहाणा घातल्या आणि ती वर निघाली. डबी तिने फक्त हातांना लावली होती. पावलांचे फोड तसेच होते, प्रत्येक पायरी बोचत होती. चार्वीची आई सुचिता ओसरीवर कपड्यांच्या घड्या करत बसली होती.

"मावशी! या वेळेला? आणि मौन?"

"मोडलं," द्वारका म्हणाली. "बस गो सुचिता. मला एका दमात बोलू दे, नाहीतर बोलणं व्हायचं नाही."

आणि तिने सांगितलं. चार्वी अडीच महिन्यांची होती. सुचिता आतल्या खोलीत शेक घेत पडली होती. न्हाणीत द्वारकाने बाळाला पायांवर घेतलं, तांब्याने कढत पाणी घेतलं, आणि उजव्या तळव्यातला फोड फुटला. कळ अशी गेली की हात उघडला. आपोआप. बाळ तेलाने निसरडं होतं. ते पायांवरून सरकून न्हाणीच्या दगडाच्या कडेवर पडलं.

"किती रडली म्हणून तू आतून विचारलंस. मी म्हटलं, तेल डोळ्यांत गेलं."

सुचिताच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"त्यानेच पाय गेला का, ते मला माहीत नाही. डॉक्टर काय काय म्हणाले ते तुलाच ठाऊक. मला एवढंच ठाऊक आहे की ती पडली, आणि मी बोलले नाही."

"ग्रहण," सुचिता म्हणाली. "ग्रहणात मी विळीवर बसले होते. कोहळा चिरला होता. सासूबाई जाईपर्यंत मला तेच ऐकवत होत्या. तुम्ही इथे बसून ऐकलंय ते. याच ओसरीवर. चहा घेत."

"हो."

"नऊ वर्षं मी माझ्या लेकीच्या पायाकडे बघितलं की मला कोहळा दिसतो. आणि तुम्ही... तुम्ही मौन पाळत होतात."

खालून आवाज येऊ लागला. टक्, घस्स. टक्, घस्स. द्वारकाच्या मांडीवरचे हात उघडले. सुचिताने ते पाहिले आणि ती थोडी मागे सरकली. चार्वी घामाघूम होऊन वर आली, "अय्या, आज आजी बोलतायत!" म्हणाली.

"आत जा. हातपाय धू," सुचिता म्हणाली. दार लोटलं गेल्यावर तिने विचारलं, "कुठला हात?"

"उजवा."

सुचिता उठून ओसरीच्या कडेला गेली. तिथून सबंध पाखाडी नाक्यापर्यंत दिसायची.

"उद्यापासून गाडीपाशी उभं राहायचं. त्याच हाताने तिचा हात धरायचा आणि वर आणायचं. रोज. मी इथून बघत असेन."

"सुचिता, अगं हा हात पावणेपाचला उघडतो. माझ्या स्वाधीन नसतो. पायऱ्यांवर शेवाळ आहे..."

"मग नका उघडू," सुचिता म्हणाली.

* * *

पहिल्या दिवशी त्या एकावन्नाव्या पायरीवर होत्या.

चार्वीचं तोंड सुरू होतं. वर्गात कुणी कुणाला काय म्हटलं, कुणाचा डबा सांडला. तिचा हात लहान, गरम आणि चिकट होता. द्वारका मनात पायऱ्या मोजत होती आणि नाव घेत होती, दोन्हींचा गोंधळ होत होता. मग आतून ते आलं. ओळखीचं, अलगद. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. तिने साऱ्या जिवाने मूठ आवळली, पण आवळायचा हुकूम मनगटापर्यंत जाऊन विरत होता. तळवा कोरडा, मोकळा, सुखी होता. तिच्या आयुष्यात तिला कशाची इतकी किळस आली नव्हती.

"आजी, धरा ना नीट," चार्वी म्हणाली, आणि पट्टीचा बूट शेवाळावरून सरकला.

द्वारका पायरीवर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. तिने कोपर पोरीच्या बगलेत अडकवलं, डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरलं आणि तिला छातीशी कवळून ठेवलं. सात मिनिटं. वर ओसरीच्या कडेला सुचिता उभी होती. हलली नाही. खाली आली नाही.

"आजी, तुमचं हृदय किती जोरात वाजतंय," पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सायीला असा घाम कधी भेटला नव्हता. पाटीवर वारुळाच्या जागी डोंगर उभा राहिला. रात्री तळव्यांत खाज उठली, आत एकदोन दाणे दिसले. डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या, पण डबी चालूच ठेवा म्हणाल्या. इकडे आळीत वेगळंच चाललं होतं. ज्या हाताने घात केला त्याच हातात पुन्हा मूल द्यायचं, हे आयांच्या गळी उतरत नव्हतं. आरोही पहिली आली. ओजसला द्वारकाच्या पायांवर ठेवून म्हणाली, "माझा राग गेलेला नाही हं मावशी. तेल चोळा." तिच्यामागून बाकीच्या आल्या.

सातव्या दिवशी एकावन्नाव्या पायरीवर करंगळी थरथरली आणि थांबली.

नवव्या दिवशी हात उघडला नाही. उलट, पावणेपाचच्या ठोक्याला पाची बोटं आपोआप मिटली आणि पोरीच्या बोटांभोवती घट्ट बसली. वर जाईपर्यंत, पाचला पाच कमी असताना ओसरी येईपर्यंत ती तशीच राहिली. मग सैल झाली.

"शिकली," डॉक्टरबाई पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या. "हात सोडला की घाम वाढतो, धरला की कमी होतो. तिला तेवढंच हवं होतं."

तीन आठवड्यांत गावातली बाळं पावणेपाचला रडू लागली, खेळू लागली. मुठी उघडेनात. बायकांनी ग्रामदेवतेची ओटी भरली. आरोहीने भिंतीवर नवं घड्याळ लावलं.

सुचिता मात्र द्वारकाशी बोलत नसे. वर पोचलं की ती लेकीचा हात आपल्या हातात घेई आणि आत जाई. रोज. द्वारकाने मौन पुन्हा धरलं नव्हतं. तिला आता देवापुढे बसायला आधीपेक्षा जास्त वेळ लागे.

* * *

मुठी उघडत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या मिटतात, हे पहिल्यांदा आरोहीच्याच लक्षात आलं. पावणेपाचला ओजस जे हातात असेल ते पकडायचा आणि पाचला पाच कमी होईपर्यंत सोडायचा नाही. "पैलवान होणार आमचा," ती म्हणाली. कुणी हसलं. गजाला धरलेलं मूल गज सोडत नाही, यात कुणाला काय वाईट दिसणार?

मग दिवाळीची सुटी लागली. त्या शनिवारी चार्वी दुपारीच सामान आणायला आईबरोबर खाली गेली, पावणेपाचला परतताना द्वारकाने तिला हात धरून वर पोचवलं. एरवी रविवारीही चार्वी त्या वेळी काही ना काही कामाने नाक्यावर जाई; या रविवारी मात्र सुचिताचं दार दिवसभर बंद होतं.

द्वारका तुळशीपाशी बसली होती. पावणेपाच झाले आणि उजवी मूठ मिटली. आत काही नव्हतं. बोटं काहीतरी शोधल्यासारखी आणखी आत शिरत गेली, नखं तळव्यात रुतली. तिने डाव्या हाताने ती सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. आळीत एकाही बाळाचा आवाज नव्हता. फार दिवसांनी पुन्हा तशी शांतता होती, कावळ्याची नखं ऐकू यावीत अशी.

पाचला पाच कमी झाले. पाच झाले. मूठ सैल होईना.

"मावशी!" खालच्या घरातून आरोहीची हाक आली. तिच्या आवाजात आधी हसू होतं. "अहो, ओजसने माझी वेणी धरलीय. किती जोर बघा!" मग थोड्या वेळाने, हसू नसलेला आवाज, "मावशी, तो सोडत नाहीये. त्याची बोटं पांढरी पडलीत. मावशी!"

पलीकडच्या आळीतूनही कुणीतरी ओरडलं. आणखी एका घराची कडी वाजली.

द्वारका उठली. वहाणा घालायला वेळ नव्हता. अनवाणी, मूठ छातीशी धरून ती पायऱ्या चढत गेली. पावलांच्या भेगा उलल्या, जांभ्यावर ओले ठसे उमटले. वर पोचून तिने डाव्या हाताने दार ठोठावलं. सुचिताने दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुठीकडे. नखांखालून रक्ताची बारीक रेघ मनगटापर्यंत आली होती.

"आज शाळा नाही," सुचिता म्हणाली.

"हाताला कुठे कळतं गो?"

सुचिता दारात तशीच उभी राहिली. खालून बायकांचे आवाज वर येत होते, एकावर एक. मग तिने मान वळवली.

"चार्वी. ये जरा. आजींना हात दे."

टक्, घस्स. पोरगी आली, हातात अर्धा लाडू होता. तो तिने डाव्या हातात घेतला, उजवा फ्रॉकला पुसला आणि द्वारकाच्या मिटलेल्या मुठीवर ठेवला. बोटं उघडली. आत छोटा हात मावेल एवढीच उघडली, आणि पुन्हा मिटली. हळू.

"सोडली!" खालून आरोही ओरडली. "मावशी, सोडली हो त्याने!" आणि तिच्यापाठोपाठ सगळ्या पाखाडीवर, पलीकडच्या आळीत, खाडीपर्यंतच्या घराघरांतून तान्ही मुलं एकदम रडू लागली.

सुचिताने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. सायीच्या पेशी एकमेकींशी इतक्या लांबून बोलू शकत नाहीत, हे त्या दोघींनाही डॉक्टरबाईंनी कधीतरी सांगितलं होतं.

"उद्या उशीर करू नका," ती म्हणाली, आणि द्वारकाच्या पायांसाठी कोमट पाणी आणायला आत गेली.